भाकरीनंतरची ओळ

रविवार, १ मार्च १९३६

परवा जालना स्टेशनावर उतरलो. तिथून राजूरपर्यंत बैलगाडी, पुढे दोन कोस पायी, असा काल सकाळी पिंपळखुंट्याला पोहोचलो. नगरच्या शाळेत उपदेशकाच्या परीक्षेत पहिल्या नंबराने उतरलो तेव्हा वाटले होते, एखाद्या मोठ्या मंडळीत नेमतील. इथे गावाबाहेर ख्रिस्ती लोकांची अकरा घरे आणि मातीच्या भिंतींचे एक देऊळ. देवळाला लागून माझी खोली. अठरा वर्षे इथे कायमचा उपदेशक नाही. पाद्री साहेब वर्षाकाठी एकदा येऊन जातात, बस. म्हणजे सगळे पहिल्यापासून शिकवावे लागणार.

लोक मात्र आदराचे. मी वस्तीत शिरलो तेव्हा घराघरांतून माणसे उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.  सगुणाबाई म्हणून एक म्हातारी आहे, इतकी वर्षे तीच प्रार्थना चालवते. तिने पुढे येऊन माझ्या कपाळाला हात लावला आणि विचारले, आंग तापलं तर न्हाई ना? मी म्हटले, मी ठणठणीत आहे. तिने हात लगेच काढला नाही.

एक नवल. इथे कोणी दार लावत नाही. भर दुपारी झळा येतात, धूळ चुलीपर्यंत जाते, तरी अकराही घरांची दारे सताड उघडी. चोरीचे भय नसावे.

मंगळवार, ३ मार्च

देवळाच्या उंबऱ्याशी रोज सकाळी पाण्याने भरलेले मडके असते. त्यावर लोटा पालथा. कोण ठेवते विचारले तर बायका एकमेकींकडे पाहतात. माझ्याविषयी एवढी आस्था पाहून बरे वाटले. गर्व होऊ नये म्हणून प्रार्थना केली. खोलीत माझा रांजण आहे, त्यामुळे मडक्याला मी हात लावत नाही. दुपारी पाहतो तो मडके रिकामे, लोटा होता तसाच वर पालथा. कोंबड्या पीत असाव्यात.

खरी अडचण निराळीच निघाली. प्रभूची प्रार्थना यांना अर्धीच येते. रोजच्या भाकरीच्या मागणीपर्यंत सगळे एका सुरात म्हणतात आणि तिथे गप्प होतात. क्षमेची ओळ नाहीच. थोडा वेळ सारे तसेच डोळे मिटून बसतात आणि मग सगुणाबाई "आमेन" म्हणते. आज त्या गप्प वेळात मला दाराबाहेर कोणी धापा टाकल्यासारखे ऐकू आले. उपासना संपवून पाहिले. कुत्रेसुद्धा नव्हते.

रविवार, ८ मार्च

पाद्री साहेबांचे पत्र आले. पुनरुत्थानाच्या रविवारी ते येऊन परीक्षा घेणार. ज्यांना प्रार्थना पुरी येते त्यांचीच नावे मंडळीच्या वहीत चढतील. नावे थोडी निघाली तर मिशनचे इथले ठाणे मोडून टाकायचे, असे वरून ठरले आहे. म्हणजे हे लोकही गेले आणि माझी पहिली नेमणूकही गेली.

आज सगळे भाकरीपाशी थांबले तेव्हा मी एकट्यानेच पुढची ओळ मोठ्याने म्हटली. कोणी डोळे उघडले नाहीत, पण सगळ्यांची तोंडे किंचित दाराकडे वळली. गोजरबाईच्या मांडीवरची तान्ही मुलगी दाराकडे पाहून हसली. मग तीही हसायची थांबली.

गुरुवार, १२ मार्च

चार दिवस तीच ओळ शिकवतो आहे. दहा आज्ञा येतात, विश्वासाची कबुली येते, गीते तर माझ्याहून जास्त येतात. या ओळीला मात्र दातखीळ. गोजरबाईची थोरली मुलगी चुलीपाशी बसून ती ओळ पुटपुटत होती तर आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. मी दारातच उभा होतो. गोजरबाई म्हणाली, "म्हातारी म्हनंल तवा आमी म्हनू, मास्तर. तिच्याआधी न्हाई."

म्हणजे गाठ सगुणाबाईपाशी आहे. अज्ञान एका माणसात घट्ट बसले की अख्ख्या मंडळीला अडवते. रविवारी ही गाठ सोडवतो.

रविवार, १५ मार्च

केले. जे केले ते योग्यच होते, असे इथे लिहून ठेवतो.

भरल्या उपासनेत मी सगुणाबाईला उभे केले आणि भाकरीनंतरची ओळ म्हणायला सांगितले. तिने पदर सावरला. मग म्हणाली, "तू आमाला माफी दे, मंग आमालाबी देता यील."

उलटे. आपण दुसऱ्यांना क्षमा केली आहे, तशी तू आम्हांला कर, असे मागायचे असते. हिने आपले आधी मागून घेतले आणि दुसऱ्याचे पुढे ढकलले. मी समजावले, पुन्हा म्हणायला लावले. तीन वेळा सांगितले, तिन्ही वेळा तिने तेच म्हटले. मागच्या बायकांत कुजबुज झाली तेव्हा माझा आवाज चढला. तिला म्हटले, नीट येईपर्यंत बाहेर उंबऱ्यापाशी उभ्या राहा.

कारभारी म्हणून एक दोर वळणारा गृहस्थ आहे, तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. कोणी तरी बाई स्फुंदली. सगुणाबाई मात्र बाहेर गेली आणि चौकटीच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. जागा आधीपासून ठाऊक असल्यासारखी.

देवळाचे दार पूर्वेला आहे. सकाळच्या उन्हात तिची सावली आत सारवलेल्या जमिनीवर पडली होती. तिच्या शेजारी दुसरी एक. उंच माणसाची, खांदे वाकलेली. मला वाटले, कारभारी दया येऊन बाहेर गेला. पण तो समोरच बसला होता. उपदेश आवरून बाहेर आलो तर म्हातारी एकटीच. तुमच्याजवळ कोण उभे होते विचारले. ती घराकडे चालू लागली.

सोमवार, १६ मार्च

आज उंबऱ्याशी मडके नाही.

सगुणाबाईचे दार बंद आहे. वस्तीतले एवढे एकच.

बुधवार, १८ मार्च

कारभारीची बायको चतुराबाई सकाळी खोलीवर आली आणि म्हणाली, आज आमच्याकडं ताक घ्यायला या. मी ओळखले, तक्रार आहे. उत्तरे तयार करूनच गेलो. ती कोणी मागितलीच नाहीत.

कारभारी अंगणात घायपाताचा दोर वळत होता. मला बाजेवर बसवून दोघे खाली बसले. मी वर बसणार नाही म्हटले तर चतुराबाई म्हणाली, बसा, आमाला सांगायला खालूनच बरं पडतं. मग त्यांनी आळीपाळीने जे सांगितले ते इथे लिहितो.

मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या साली, १९१८ मध्ये, इथे धर्मराज नावाचे उपदेशक होते. माझ्याच वयाचे, नगरच्याच शाळेतले. विद्वान माणूस, आवाज खणखणीत. पण चुकणाऱ्याला चारचौघांत उभे करायची सवय. सगुणाबाई तेव्हा चाळिशीची विधवा. क्षमेची ओळ तिने तेव्हाही उलटीच म्हटली होती, आणि त्यांनी तिला लेकीसकट देवळाच्या उंबऱ्यावर उभे केले. डाव्या बाजूला. त्याच आठवड्यात मानमोडी वस्तीत शिरली आणि तिची लेक गेली. उपदेशक मातीलासुद्धा आले नाहीत. ओळ येईपर्यंत ती मंडळीतली नव्हे, असे म्हणाले.

मग त्यांनाच ताप चढला. खोलीत पाणी देणारे कोणी नव्हते. भर उन्हात ते दारोदार पाणी मागत फिरले. रोगाच्या भयाने एकाही घराने दार उघडले नाही.

"आमच्याबी दारावर आल्ते," कारभारी म्हणाला. "म्या कडी धरून व्हतो. आन् हिनं माझा हात."

शेवटचे घर सगुणाबाईचे. तिच्या उंबऱ्यावर ते बसले आणि आतून काही उत्तर येईना तेव्हा प्रार्थना म्हणू लागले. भाकरीपर्यंत आले आणि थांबले. पुढचे आठवेना, की तिने म्हणावे म्हणून थांबले, कोण जाणे. ती आत कडीवर हात ठेवून उभी होती. शेजारच्या घरांतूनही सगळ्यांना ऐकू येत होते. पुढची ओळ तिने म्हटली नाही. दिवस मावळायच्या आत ते तिथेच, उंबऱ्यावरच गेले.

मिशनने पुढे कोणाला पाठवले नाही. प्रार्थना तिनेच चालू ठेवली, आणि भाकरीपाशी ती थांबते म्हणून सगळे थांबतात. त्या दिवसापासून वस्तीत दार लागत नाही.

मी मडक्याचे विचारले.

"पाळीनं भरतो," चतुराबाई म्हणाली. "तुमच्यासाठी न्हाई, मास्तर."

माझ्या हातातले ताक तसेच राहिले. मग ती पुन्हा बोलली. जे बोलली ते शब्द न् शब्द उतरवतो: "तुमी म्हनता ती ओळ बराबर हाये. चूक आमचीच हाये. आमी अडानी मानसं, शिकवा आमाला. पन मास्तर, भाईर उभं करून ती ओळ शिकवता येती का?"

कारभारीने दोर खाली ठेवला नव्हता. पीळ जास्त झालेला भाग तो हलक्या हाताने उकलत होता.

गुरुवार, १९ मार्च

राग येतो आहे. कोणाचा, ते लिहिवत नाही. नगरला असतो तर मी चतुराबाईच्या प्रश्नाला तीन मुद्द्यांत उत्तर दिले असते. आज दिवसभर एकही मुद्दा सुचला नाही. मृतांना पाणी ठेवणे हा भ्रम आहे, एवढे मात्र खरे. ते त्यांना सांगायला हवे. कसे सांगायचे, ते ठाऊक नाही.

पाठ शिकवताना आज माझा आवाज ऐकून मीच थांबलो.

रविवार, २२ मार्च

सगुणाबाई आली नाही. लोक आले, बसले. प्रार्थना मी सुरू केली आणि भाकरीपाशी मीच थांबलो. ठरवले नव्हते; पुढचे ओठांवर आलेच नाही. मग दाराच्या डाव्या बाजूने कोणी तरी, घसा सुकलेल्या माणसासारखे, भाकरीची मागणी पुन्हा म्हटली. एकदाच. सावकाश. मंडळीत कोणी हालले नाही. अठरा वर्षे हे लोक दर रविवारी हे ऐकत बसले आहेत की काय?

संध्याकाळपासून थंडी वाजते आहे. हिवताप असावा.

गुरुवार, २६ मार्च

काल घडलेले आज अंथरुणात बसून लिहितो आहे. 

काल तिसऱ्या दिवशीही ताप उतरला नव्हता. रांजण रिकामा. हाक मारली असती तर अकरांतल्या दहा घरांतून कोणीही धावले असते, हे आता लिहिताना कळते. काल ते सुचलेच नाही. भर बारा वाजता उठलो आणि सगळी उघडी दारे ओलांडून बंद दाराशी गेलो. पाय आपोआप जात होते. वाटेत कोणी हटकले नाही. चतुराबाई नंतर म्हणाली की तिने मला पाहिले, पण माझ्याबरोबर कोणी चालत होते, म्हणून हाक मारायचे धाडस झाले नाही.

सगुणाबाईच्या उंबऱ्यावर बसलो. लाकूड तापून भाजत होते. काय बोलावे हे ठरवून आलो नव्हतो. म्हणालो, "मावशी, मी तुम्हांला बाहेर उभे केले. ते चुकले. ओळ चुकण्याहून मोठी चूक माझी झाली. मला पाणी नका देऊ, पण एवढे ऐकून घ्या."

आत काही हालले नाही. मग प्रार्थना सुरू झाली. माझ्याच तोंडून झाली असेल. पण आवाज माझ्या उजव्या खांद्यापाशी होता, आणि मला आठवते की माझे दात थंडीने वाजत होते आणि तो आवाज मात्र स्थिर होता. भाकरीपर्यंत आला. थांबला.

दाराच्या पलीकडे कडी किंचित वाजली. फार वेळ गेला. माझी सावली उंबऱ्यावर पायांखाली गोळा झाली होती आणि बाजूला आणखी एवढीशीच सावली होती. मी मान वळवली नाही.

मग आतून म्हातारी म्हणाली, अगदी सावकाश, पोराला झोपवताना बोलावे तशी: "तू आमाला माफी दे." थोडे थांबून, "मंग आमालाबी देता यील." आणि मग पुन्हा थांबून, "दिली."

कडी निघाली.

तिने माझ्या हातात लोटा दिला. मी अर्धा प्यालो. उरलेले पाणी तिने माझ्या हातून घेतले आणि माझ्या शेजारी उंबऱ्यावर ओतले. तापलेल्या लाकडावर ते चर्र वाजायला हवे होते. वाजले नाही. खाली ओघळही आला नाही. ती तिकडे पाहून म्हणाली, "लई उशीर झाला माझ्याकडून."

हे ती मला नव्हती म्हणाली. मला म्हणाली, "मास्तर, आत या. दोघंबी या."

सोमवार, ३० मार्च

काल उपासनेत सगळ्यांसमोर सांगितले की पंधरा तारखेला मी चुकलो. भाषण मोठे लिहिले होते. दोन वाक्यांनंतर सगुणाबाई म्हणाली, बसा आता, अंगात ताकद न्हाई तुमच्या. बसलो.

शुक्रवार, ३ एप्रिल

सगुणाबाईने आज आपण होऊन विचारले, पुस्तकात ती ओळ कशी हाये? मी एकदाच म्हटली. तिने माझ्यामागून बरोबर म्हटली, पहिल्याच खेपेला. मी विचारले, मग तुमची? ती म्हणाली, "माझीवरून पुस्तकातलीपर्यंत जाता येतंय. एकदम पुस्तकातली म्हनली तर ती खोटी व्हती माझ्या तोंडी."

तिच्या बोलण्यात काय चूक आहे ते मला शास्त्रावरून सांगता येईल. सांगितले नाही असे नाही, सांगितले. देवाची क्षमा काही आपल्या क्षमेच्या बदल्यात मिळत नाही, म्हणून तुमचा क्रमही अगदीच चुकीचा नाही, पण पुस्तकातली ओळ आपल्याला स्वतःकडे पाहायला लावते, एवढे बोललो. ती ऐकत होती. मग म्हणाली, हे ब्येस सांगितलं. मला परीक्षेतल्या पहिल्या नंबरापेक्षा जास्त आनंद झाला, आणि त्याची लाजही वाटली.

चतुराबाईशी मडक्याविषयी बोललो. म्हटले, मेलेल्यांना तहान नसते, आपली श्रद्धा तसे सांगते. ती म्हणाली, न्हाई ना? मंग ज्येला असंल त्येच्यासाठी ठिवू. आता मडके वस्तीच्या वाटेवर असते. राजूरच्या गणपतीला जाणारे लोक पितात.

रविवार, १२ एप्रिल. पुनरुत्थानाचा दिवस

पाद्री साहेब काल संध्याकाळी आले. वयस्क झाले आहेत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणसे आवाजावरून ओळखतात. आज सकाळी त्यांनी एकेकाची परीक्षा न घेता सांगितले की सगळे मिळून प्रार्थना म्हणा, मी ऐकतो. वही आणि दौत माझ्यापुढे होती.

सगुणाबाईने सुरुवात केली. भाकरीपाशी ती थांबली, श्वासभर. मग तिने पुस्तकातली ओळ म्हटली आणि तिच्यामागे सगळ्यांनी म्हटली. गोजरबाईचा आवाज फुटला. कारभारीने दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हटली. मला इतर काही ऐकू आले नाही. मी त्या म्हातारीचाच आवाज ऐकत होतो. प्रार्थना शेवटापर्यंत गेली.

साहेब सरसावून बसले. मग म्हणाले, ठाणे मोडायचे कारण नाही. नावे लिहून घ्या, मास्तर. एकेक जण नाव सांगत गेला, मी लिहीत गेलो. मोठी माणसे एकोणतीस झाली. मी वाळू टाकून शाई टिपणार तेवढ्यात साहेबांनी विचारले:

"आणि दाराशी डाव्या हाताला जो आहे, त्याचे राहिले ना? घसा बसलाय बिचाऱ्याचा, पण पाठ त्याचाच सगळ्यांत पक्का. शेवटची ओळ म्हणताना रडला तो. काय नाव त्याचे?"

दारात ऊन होते. कोणी वळून पाहिले नाही. साहेबांना सांगावे की तिथे कोणी नाही, म्हणून मी तोंड उघडले आणि सगुणाबाईकडे पाहिले. ती दाराकडे पाहत होती.

"धर्मराज," ती म्हणाली. "आमच्यातलाच हाये. लिव्हा."

मी दौत जवळ ओढली आणि लिहिले.